बोंबलाच्या परीक्षेत पास झालेली कुत्री

मी आयुष्यात दोनदाच निवड केली. एकदा सुनेची आणि एकदा कुत्रीची. दोन्ही वेळा मला ती फार बारीक वाटली, आणि दोन्ही वेळा खाऊ घालून सुधारेल असं मी ठरवलं. सून सुधारली नाही. कुत्रीचं सांगते.

माझा मुलगा सुनील हाडांचा डॉक्टर. सौदीत हाइल नावाच्या गावी सरकारी हॉस्पिटलात आहे. (गाव म्हणते खरी, पण आमच्या रेवदंड्यासारखी कित्येक गावं त्यात मावतील.) सून मेधा तिथेच रक्त तपासते. नातू अर्णव बारा वर्षांचा, नात सई सात वर्षांची. थंडीत मी त्यांच्याकडे राहायला जाते. भाड्याचं घर, भोवती उंच भिंत, आत फरसबंद अंगण. त्याला तिकडे हौश म्हणतात. मुलांनी धुडगूस घालावा असं अंगण. पण सई तिथे पाऊल टाकत नव्हती.

कारण कुत्रे. पुण्यात असताना सोसायटीच्या दारात एका भटक्या कुत्र्याने तिचा फ्रॉक धरला होता. चावला नाही, फ्रॉक फाटला. पण तेव्हापासून कुत्रा दिसला की सई जवळ जे माणूस असेल त्याच्यावर चढायची. ओळखीचंच हवं असं नाही! एकदा मॉलच्या दारात ती एका परक्या बाईच्या पायघोळ काळ्या अबायाला लोंबकळली होती. ती बाई ओरडली, सई ओरडली, आणि कुत्रा घाबरून पळून गेला. हाइलमध्ये आमच्या फाटकाबाहेर भटके कुत्रे हिंडायचे, म्हणून सई दिवसभर घरात. तिच्या नव्या सायकलीचं प्लास्टिकसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

आणि अर्णवला काय हवं? कुत्रा!

"प्लीज, मम्मा. एव्हरीवन हॅज अ पेट."

"एव्हरीवनच्या घरी राहायला जा," मेधा म्हणाली.

मी भाजी निवडत होते. म्हटलं, "कुत्रा आणा. कुत्र्याची भीती कुत्र्यानेच जाईल."

"आई, त्यासाठी हल्ली कौन्सेलर असतात. ऑनलाइन."

"तो ऑनलाइन बसून भुंकणार का?"

मेधाने चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा घरातले सगळे सरळ बसतात. "ठीक आहे. एकच कुत्रा येईल, एकदाच. महिनाभर बघू. सईने त्याला स्वतःहून हात लावला तर राहील. नाही लावला, तर तो परत जाईल आणि या घरात पुन्हा कुत्रा हा शब्द निघणार नाही. अर्णव, कबूल?"

अर्णव रडकुंडीला येऊन हो म्हणाला.

"निवड मी करणार," मी म्हटलं.

"आणि चुकली तर?"

"तर मी तुझ्या घरातल्या कुठल्याही गोष्टीत परत तोंड घालणार नाही."

सुनील इतका वेळ मोबाइल बघत होता. त्याने पटकन मान वर केली. "मेधा, हो म्हण."

(माझा एकुलता एक मुलगा!)

अर्णवने लगेच नेट उघडलं. कुठल्या जातीचा कुत्रा मुलांना चांगला, कुणाचे केस गळतात, कुणाची लाळ गळते, सगळं वाचून दाखवायला लागला. मी त्याला थांबवलं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण कुत्र्याची परीक्षा घ्यायला तेवढी पुरते. आमच्या वाडीत माझ्या सासऱ्यांची एक पद्धत होती. अंगणात बोंबील वाळत घातलेले असताना जो कुत्रा गप बसेल तो ठेवायचा. जो बोंबलाला तोंड लावत नाही तो पोरालाही लावत नाही. विषय संपला.

सुके बोंबील माझ्या बॅगेत होतेच. (विमानतळावर मेधाने विचारलं होतं, "आई, हा वास कसला?" मी म्हटलं होतं, "उदबत्त्या आहेत.")

पहिला कुत्रा हॉस्पिटलमधल्या एका फिलिपिनो नर्सचा. ती कायमची मायदेशी चालली होती. कुत्रा पांढरा, केसाळ, डोक्याला गुलाबी रिबीन. तोंड कुठल्या बाजूला आहे ते चालायला लागल्यावरच कळायचं. मी हौशात ताटलीत बोंबील ठेवला. ताटली खाली टेकायच्या आत बोंबील गेला! मग तो सोफ्याखाली घुसला आणि तिथून गुरगुरायला लागला. सुनील त्याला काढायला गेला, तर त्याचा मोजा गेला. सई तोपर्यंत जेवणाच्या टेबलावर उभी.

"नापास," मी म्हटलं.

"माझा मोजा?" सुनील म्हणाला.

दुसरा कुत्रा सुनीलच्या एका दक्षिण आफ्रिकन पेशंटचा. वासराएवढा! त्याने बोंबील खाल्ला, बोंबलाखालचा कागद खाल्ला आणि ताटली चाटत चाटत फाटकापर्यंत ढकलत नेली. मग खूश होऊन त्याने अर्णवच्या खांद्यांवर पाय ठेवले. अर्णव उताणा पडला आणि त्याचं सगळं तोंड चाटून झालं.

"ही इज परफेक्ट!" अर्णव खालून ओरडला.

"इज ही गॉन?" सई बाथरूमच्या दारामागून ओरडत होती.

तेवढ्यात पाण्याचा पंप बघायला घरमालक आले. त्यांचं नाव अबू फहद. साठीचे, उंच, पांढरी दाढी. त्यांच्या शेतावर आपल्याकडचे मजूर असल्यामुळे त्यांना मोडकंतोडकं हिंदी येतं. मला ते उम्म सुनील म्हणतात, म्हणजे सुनीलची आई. तिकडे बाईला तिच्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. त्यांनी नाकाला रुमाल लावला, ताटलीकडे पाहिलं, वासराकडे पाहिलं.

"उम्म सुनील, ये क्या होता है?"

"बच्चे के लिए कुत्ता देखती हूँ," मी म्हटलं.

"ये कुत्ता बच्चे को खाएगा. यल्ला, जुम्मा को मेरे मज़रा पे आओ. मैं दिखाता है."

मज़रा म्हणजे शेत. शुक्रवारी आम्ही गेलो. सगळीकडे वाळू आणि मध्येच हिरवागार गव्हाचा गोल, कुणी ताट ठेवल्यासारखा. तंबूत गालिचे घातलेले. त्यांनी कॉफी दिली, तिला ते गहवा म्हणतात. एवढासा कप. (बस झालं असेल तर कप हलवायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते भरत राहिले, मी संपवत राहिले. अन्न टाकायची मला सवय नाही.)

मग त्यांनी शीळ घातली आणि ती आली. रीम.

मी माझ्या उभ्या आयुष्यात इतकी बारीक कुत्री पाहिली नव्हती. लांब पाय, लांब तोंड, कानाला रेशमासारखे केस आणि बरगड्या अशा की बाहेरून मोजाव्यात. माझ्या मनात आलं, घरमालकाचं बरं चाललंय, मग या मुक्या जनावराला का उपाशी ठेवतात?

"बहोत पतला कुत्ता है," मी म्हटलं.

अबू फहदनी कानाला हात लावला. "कुत्ता नहीं! कुत्ता बाहर घूमता है. ये सलुगी. मेरे बाप का घर का सलुगी. शिकार वाला."

मी पिशवीतून बोंबील काढला आणि गालिच्यावर ठेवला. रीमने वास घेतला. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या सासूने माझ्या पहिल्या भाकरीकडे पाहिलं होतं. तोंड फिरवलं आणि निघून गेली.

"संयम!" मी म्हटलं. "बघितलंस मेधा? याला म्हणतात वळण!"

(वाळवंटातल्या कुत्रीने जन्मात मासा पाहिलेला नसतो आणि तो खायची वस्तू आहे हेच तिला माहीत नसतं, हे मला फार पुढे समजलं.)

पण खरी गोष्ट नंतर घडली. सई सुनीलच्या मानेवर बसली होती. रीम आली, त्यांच्यापासून दोन हातांवर बसली, तीही पाठ करून! लांब कुठेतरी बघत राहिली. जरा वेळाने सई कुजबुजली, "पप्पा, शी इज नॉट इंटरेस्टेड इन मी."

"हो ना."

"गुड," सई म्हणाली आणि सुनीलच्या मानेवरून खाली उतरली.

मी तिथल्या तिथे निकाल दिला. हीच. लहान मुलीला घाबरवणारा कुत्रा म्हणजे लगट करणारा कुत्रा. हिला कुणाचंच काही पडलेलं नव्हतं.

अबू फहद मात्र गंभीर झाले. सलुगी ते विकत नाहीत, जपेल त्याला नुसती देतात. ते म्हणाले, "एक महीना रखो. फिर हम लोग बर्र में कॅम्प डालेगा, तुम लोग आओ. मैं रीम को देखेगा. अच्छा रखा, बच्ची का डर गया, तो तुम्हारा. नहीं तो वापस. खलास."

म्हणजे आता दोन परीक्षक झाले. एक मेधा, एक अबू फहद. मेधाचं मी बघून घेतलं असतं. पण दुसऱ्याची लेक आपल्या घरी महिनाभर राहायची आणि बरगड्या दाखवत परत जायची? आमच्या घराला हे शोभलं नसतं. मी पदर खोचला.

पहिल्या दिवशी तुपातली पोळी. दुसऱ्या दिवशी मटणाचं सूप आणि त्यात पोळी. मग अंडी, मग खजूर, मग शिरा. (साखर बेताची. मी काही अडाणी नाही.)

अर्णव मोबाइल घेऊन आला. "आजी, सलुकीज आर सपोज्ड टू बी थिन. नेटवर लिहिलंय."

"नेटने किती कुत्री पाळली?"

"पण आजी..."

"तू पण बारीक आहेस. बस. शिरा खा."

मेधा म्हणाली, "आई, दिवसातून एकदा द्यायचं असं अबू फहदनी सांगितलंय."

"एकदाच देते," मी म्हटलं. ते खरंच होतं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. सगळे कामाला आणि शाळेला गेले की घरात आम्ही दोघीच. मी जेवायला बसले की ती समोर येऊन बसायची. काही मागायची नाही, भुंकायची नाही. नुसती बघायची. त्या डोळ्यांसमोर घास गिळून दाखवा, मग मला बोला!

शिवाय ती चोर निघाली. एकदा मेधाने पाहुण्यांसाठी ओट्यावर अख्खी कोंबडी भाजून ठेवली होती. रीम मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि कोंबडी घेऊन सोफ्यावर गेली. (सोफाही तोपर्यंत तिचाच झाला होता.) मी हाडं उचलून टाकली आणि मेधाला सांगितलं, मांजर आलं होतं.

"खिडक्या तर बंद आहेत, आई."

"इथली मांजरं हुशार असतात."

आणि सई? पहिल्या आठवड्यात ती दोन हातांवर होती, मग एका हातावर आली. रीम सोफ्याच्या एका टोकाला, सई दुसऱ्या टोकाला. रीम उठली की सई पाय वर घ्यायची. हात मात्र लावत नव्हती. मी रोज सांगायची, "लाव गं हात, ती काय तुला खाते?" "नो, आजी." अर्णव तर दिवस मोजायला लागला होता. तो रीमच्या गळ्यात पडून गृहपाठ करायचा आणि मध्येच सईकडे बघायचा, जणू परीक्षेचा पेपर तिच्याच हातात आहे.

महिना संपत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की रीमची बरगडी दिसत नाही. एकही नाही! मला एवढा आनंद झाला की विचारू नका. पण थंडी कडाक्याची पडली होती, म्हणून मी सुनीलचं जुनं हिरवं स्वेटर कापून तिला शिवलं. गळा जमला. पोटाला मात्र दोनदा उसवून कापड जोडावं लागलं. तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मला वाटलं, स्वेटर धुऊन आटलंय.

शुक्रवारी आम्ही कॅम्पवर गेलो. बर्र म्हणजे उघडं वाळवंट. तिकडे थंडीत सगळे गाड्या घेऊन वाळवंटात जातात, शेकोटी करतात, बसतात. अबू फहद आणि त्यांचे दोन भाऊ गालिच्यावर बसले होते. रीम गाडीतून उतरली. उतरली म्हणजे, आधी पुढचे पाय आले आणि बाकीची मागून सावकाश आली.

अबू फहद उठून उभे राहिले. "ये कौन है?"

"रीम," मी अभिमानाने म्हटलं.

ते वाकले. त्यांनी स्वेटरची बटणं काढली. (बटणं मी पाठीवर लावली होती, दिसायला छान म्हणून.) स्वेटर सुटलं आणि आतली रीम सगळीकडून बाहेर आली.

दोघे भाऊ वाकून बघायला लागले. मग एक भाऊ हळूच म्हणाला, "खरूफ."

"म्हणजे काय रे?" मी सुनीलला विचारलं.

"मेंढी, आई."

अबू फहदनी कपाळाला हात लावला. "उम्म सुनील! ये हवा के माफिक भागता था! तुमने इसको क्या किया?"

"खाना दिया," मी म्हटलं. "तुम नहीं देता था."

मेधाने चष्मा काढला.

अबू फहद सुनीलशी अरबीत बोलायला लागले. हात हलत होते, सुनीलची मान खाली जात होती. अर्णवला अरबी शाळेत शिकवतात, त्याला कळलं. तो पांढराफटक पडला. "आजी, ही इज टेकिंग हर बॅक. आत्ताच. सईने हात पण नाही लावला म्हणतोय."

मी हार मानणारी नाही. म्हटलं, आधी चहा होऊ दे, मग बोलू. मी घडीच्या खुर्चीवर बसले आणि रीमचा पट्टा खुर्चीच्या पायाला गाठ मारून बांधला. मी बसलेली खुर्ची कुणाच्या बापाच्याने हलत नाही, याबद्दल मला पूर्ण खात्री होती.

आणि झुडपातून ससा निघाला!

मेंढी झाली तरी जात शिकारीचीच. मला फक्त एक हिसका जाणवला. पुढच्या क्षणी माझी पाठ वाळूत, पाय आभाळात आणि खुर्ची नाही! खुर्ची रीमच्या मागे उड्या मारत चालली होती. खण, खण, खण! ससा पुढे, रीम मागे, खुर्ची तिच्या मागे. खुर्चीच्या आवाजाने रीम घाबरली आणि आणखी जोरात पळाली. ससा केव्हाच गेला होता. ती आता खुर्चीपासून पळत होती, सरळ हमरस्त्याच्या दिशेने, जिथून ट्रक जात होते.

"आई, हलू नकोस!" सुनील माझे गुडघे दाबून बघायला लागला. मेधा माझी नाडी बघायला लागली. अबू फहद पाण्याची बाटली घेऊन धावत आले. भाऊ उशी घेऊन आले. अर्णव माझी मान धरून बसला.

"अरे, मला काय झालंय! कुत्री बघा!" मी ओरडत होते. पण पडलेल्या म्हातारीचं कुणी ऐकत नाही. सगळं माझ्याभोवती जमलं होतं.

एकटी सई नव्हती.

सई पळत होती. महिनोन्‌महिने हौशात पाऊल न टाकलेली मुलगी त्या उघड्या वाळवंटात चपला टाकून पळत होती आणि मोठ्याने ओरडत होती, "रीम! थांब! स्टॉप! थांब म्हणते ना!"

मी उताणी असल्यामुळे हे सगळं मला उलटं दिसलं. रस्त्याच्या अलीकडे एक काटेरी झुडूप होतं. रीमचा दम तिथेच संपला. (माझ्या तुपाने तिला ट्रकपासून वाचवलं, हे मी अजूनही सगळ्यांना सांगते. कुणी मान्य करत नाही.) खुर्ची झुडपात अडकली आणि रीम जीभ काढून थरथरत बसली. सई तिच्यासमोर उभी राहिली. कमरेवर हात ठेवले.

मग तिने एक हात पुढे केला आणि रीमचा गळपट्टा धरला. स्वतःहून. दुसऱ्या हाताने गाठ सोडायला लागली. माझी गाठ, लवकर सुटते थोडीच!

ती रीमला घेऊन परत आली. रीम तिच्या पायाला चिकटून चालत होती. सई तिला सगळ्या वाटेने रागवत होती.

"किती खातेस! पळता येत नाही आणि पळतेस! लागलं असतं म्हणजे? बस इथे!"

आवाज तिचा, पण बोलणं सगळं माझं. मेधाने चष्मा लावला. चष्म्याखालून नाक पुसलं, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

अबू फहद गालिच्यावर परत जाऊन बसले. त्यांनी गहवा ओतला. रीमला बोलावलं, शीळ घातली. रीमने त्यांच्याकडे पाहिलं आणि सईच्या मागे जाऊन उभी राहिली. जेवढी मावेल तेवढी. बरीचशी बाहेरच राहिली.

"रीम ने बोल दिया," अबू फहद म्हणाले. "बच्ची का है. और ऐसा मोटा सलुगी मैं वापस लेके क्या करेगा? भाई लोग हँसेगा." भाऊ आधीच हसत होते. "लेकिन एक शर्त."

"बोलो," मी वाळूतूनच म्हटलं.

"उम्म सुनील इसको खाना नहीं देगी. कभी नहीं. बच्ची देगी, दिन में एक बार."

"कबूल!" माझ्याआधी सुनील म्हणाला.

आता रोज संध्याकाळी सई सायकल चालवते आणि रीम तिच्याबरोबर हौशात फेऱ्या मारते. बरगड्या पुन्हा दिसायला लागल्यात. मला ते बघवत नाही, पण माझं कुणी विचारत नाही. त्यात सुनीलने कंबर तपासायच्या निमित्ताने माझं रक्त मेधाकडे पाठवलं, आणि माझ्या साखरेचा आकडा बघून माझंही तूप, शिरा, खजूर बंद झाले. आमच्या दोघींच्या ताटांवर लक्ष ठेवायचं काम घराने सईला दिलंय.

परवा सगळे टीव्ही बघत होते. मी हळूच उठले आणि स्वयंपाकघराकडे निघाले. रीम माझ्या मागे. शिऱ्याच्या डब्याला हात लागला न लागला, तोच मागून आवाज आला. सई दारात उभी, एक बोट वर.

"नो! सिट!"

रीम उभीच राहिली. मी बसले.